एक्स वाय झेड, नवी दिल्ली

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी म्हणायला नको की फसवलं. धीरज कोरके कलेक्टर झाला नाही. बार्शीजवळच्या गावातून दिल्लीला आलेल्या मराठी पोराची गोष्ट म्हटली की लोक लगेच पुढे सरकून विचारतात, "मग, झाला का?" नाही झाला. सहा वेळा परीक्षा दिली, दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला आणि सहाव्या निकालानंतर ओल्ड राजेंद्र नगरच्या खोलीतली पुस्तकं सुतळीने बांधून पलंगाखाली सारली. ते रडगाणं तिथेच संपलं. ही गोष्ट त्यानंतरची आहे.

इतक्या वर्षांनंतर त्याच्या हातात उरले होते ते नकाशे. बाकीची पोरं नद्या पाठ करायची, हा काढायचा. कोरा कागद द्या, समोर बसल्या बसल्या गोदावरीला तिच्या सगळ्या उपनद्या जोडून दाखवील, आणि प्राणहिता कुठे मिळते ते चुकणार नाही. त्याच्या नकाशांच्या झेरॉक्स अख्ख्या राजेंद्र नगरात फिरायच्या. कुणी काढले हे कुणालाच ठाऊक नसायचं आणि धीरजलाही त्याचं काही वाटायचं नाही. पुढे तो संगणकावर नकाशे करायला शिकला. मग एक मध्यस्थ भेटला. तो प्रकाशकांकडून कामं आणायचा, धीरज ती करायचा आणि प्रकाशकांना वाटायचं की नकाशे मध्यस्थाच्या कारखान्यात तयार होतात. अशी चार वर्षं गेली. हळूहळू तीन प्रकाशकांना खरा माणूस कळला आणि ते थेट धीरजला फोन करू लागले. पण सगळं तोंडी. "धीरजजी, कर दो", "हो सर, करतो", झालं काम. कागद म्हणून नाही.

गावी तात्याराव होते, त्याचे वडील, एसटीच्या बार्शी डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टर. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "दिल्लीत आहे, बघतोय काहीतरी सरकारी." बिचाऱ्यांनी दुसरं सांगायचं तरी काय? मुलगा नकाशे काढतो म्हटलं की समोरचा विचारणार, कशाचे, विहिरीचे का?

त्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर लतिकाताई राहायची. वाशिमची. तीही परीक्षेसाठीच आली होती, पण अक्कल शाबूत असल्यामुळे तिसऱ्या प्रयत्नानंतर कायद्याची पदवी घेतली आणि तीस हजारी कोर्टात वकिली सुरू केली. धीरजपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि दोन वर्षं म्हणजे वीस वर्षं असल्यासारखी बोलायची. तोंडी कामाचं कळलं की तिचं टाळकं सटकायचं.

"अरे, भाजीवाला मुळ्याची पेंडी देताना दोनदा विचारतो, आणि तू अख्खा देश काढून देतोस तोंडी?"

"ताई, ओळखीची माणसं आहेत यार. त्यांच्यापुढे कागद ठेवला तर बरं दिसत नाही."

"बरं न दिसलं तरी चालेल. काम तीन आठवड्यांचं असो नाहीतर तीन दिवसांचं, दोन पानं हवीत. कुणाचं काम, कोण करणार, नक्की काय करणार, कधीपर्यंत देणार, बदल किती वेळा करणार, पास कोण करणार, आणि पास झाल्यावर कुणी हात लावला तर जबाबदार कोण. बस. एवढं लिहायला काय होतंय तुला?"

तेवढ्यात नोएडाच्या नीरज भल्लांचं काम आलं. शाळांच्या भिंती सजवायची त्यांची कंपनी होती. गुरुग्राममधल्या एका मोठ्या शाळेच्या दारातच भारताचा नकाशा लावायचा होता, चांगला दहा फूट उंच. भल्लांना धीरजचं नाव एका प्रकाशकाने सांगितलं होतं. धीरजला एवढं मोठं काम थेट कधी मिळालं नव्हतं. लतिकाताईने बजावलं की कागद केल्याशिवाय एक रेघ ओढायची नाही. मग धीरजने नोएडाला निघायच्या दिवशी सकाळी, एका हातात चहा आणि दुसऱ्या हाताने टायपिंग असं करत, तिने सांगितलेलं एकूण एक इंग्रजीत लिहिलं. सरकारच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या मूळ नकाशावरूनच काम होईल, असं लिहिलं. सहाव्या कलमात लिहिलं की पास केलेल्या नकाशाचा छोटा प्रिंट, ग्राहकाच्या सहीसह, कराराला जोडला जाईल आणि त्यानंतर ग्राहकाने काही बदल केला तर तो त्याच्या जबाबदारीवर. कलमं वाचून लतिकाताईसुद्धा म्हणाली असती, शाब्बास. पण तिला दाखवायला वेळ कुठे होता! गडी ब्लू लाइन मेट्रोत बसून सेक्टर बासष्टला पोचलासुद्धा.

भल्लांनी कागद पाहिला, म्हणजे पाहिल्यासारखं केलं, आणि फोनवर बोलता बोलता सही ठोकली. शिक्का मारला. न वाचता सही करणाऱ्या माणसांबद्दल माझी मतं फार वाईट आहेत, पण ती इथे सांगत बसत नाही. तीन आठवड्यांनी नकाशा तयार झाला, तेव्हा छोट्या प्रिंटवरही भल्लांनी "अप्रूव्ड" लिहून, तारीख घालून सही केली. धीरजने दोन्ही कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले आणि फोल्डर कपाटात टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा रीतसर काम केलं म्हणून त्या दिवशी त्याने स्वतःला छोले भटूरे खिलवले.

नकाशा शाळेत लागला. महिनाभर कुणी काही बोललं नाही. मग एका मुलीचे आजोबा तिला सोडायला आले. नौदलातून निवृत्त झालेले, ग्रेट निकोबार बेटावर कॅम्पबेल बे इथे तीन वर्षं राहिलेले. नातीला म्हणाले, चल, आजोबा कुठे राहत होते ते दाखवतो. बोट खाली नेलं, आणखी खाली नेलं, आणि नकाशाच संपला. कन्याकुमारी होती, तिच्या टोकाखाली जेमतेम चार बोटं निळा समुद्र होता आणि मग चौकट. ग्रेट निकोबार नव्हतंच. आजोबा तसेच तडक प्रिन्सिपल माथुर मॅडमच्या खोलीत शिरले.

दोन दिवसांनी धीरजला ई-मेल आला. नीरज भल्लांनी शाळेला लिहिलेला होता, प्रत धीरजला. त्यात लिहिलं होतं की नकाशा धीरज कोरके नावाच्या बाहेरच्या माणसाने करून दिला, चूक सर्वस्वी त्याची, आणि शाळेने त्याच्यावर हवी ती कारवाई करावी. खाली माथुर मॅडमचं उत्तर. देशाचा भाग गाळलेला नकाशा शाळेत लावणं ही गंभीर गोष्ट आहे, शाळा पोलिसांना कळवण्याचा विचार करते आहे आणि आपल्या संस्थेच्या सगळ्या शाळांना या व्यक्तीचं नाव कळवलं जाईल.

धीरजच्या तोंडचं पाणी पळालं. भारत कन्याकुमारीला संपत नाही, ग्रेट निकोबारच्या टोकावरच्या इंदिरा पॉइंटला संपतो, हे राजेंद्र नगरात चहा देणाऱ्यालाही ठाऊक असतं. ही चूक तो झोपेत करणार नाही. पण हे कोण ऐकणार? संध्याकाळी त्याच्या तीन प्रकाशकांपैकी एकाचा फोन आला. "धीरजजी, ते नवीन काम जरा थांबवूया. काहीतरी कानावर आलंय." नकाशे काढणाऱ्याचं नाव एकदा चुकीच्या नकाशाला चिकटलं की त्याला पुन्हा कोण काम देणार? दहा वर्षांत कलेक्टरकी गेली ती गेली, आता नकाशेही चालले होते. दुसरं काही त्याला येत नव्हतं. फोल्डर काखोटीला मारून तो दुसऱ्या मजल्यावर गेला.

लतिकाताईने आधी प्रिंट पाहिला. त्यावर ग्रेट निकोबार होतं, इंदिरा पॉइंटचं नावही होतं, आणि बरोबर त्याच्या शेजारी समुद्रात भल्लांची सही होती. तिचा चेहरा उजळला. "बिल्कुल सही. आता बघते त्याला." मग तिने करार उघडला. पहिलीच ओळ वाचली. दुसरं पान उलटून शेवट पाहिला. पुन्हा पहिलं पान पाहिलं.

"धीरज, हा एक्स वाय झेड कोण?"

"कोण?"

"इथे लिहिलंय. हा करार भल्लांची कंपनी आणि एक्स वाय झेड, नवी दिल्ली, यांच्यात होत आहे. खाली भल्लांची सही, शिक्का. समोर तुझ्या बाजूला टाइप केलंय, एक्स वाय झेड. सहीच्या जागी काहीच नाही. तुझं नाव या दोन पानांत एकदाही नाही."

धीरजने कागद हातात घेतला आणि ती ओळ दोनदा वाचली.

आता ज्यांनी ती परीक्षा दिलेली नाही त्यांना हे वेडेपणाचं वाटेल, म्हणून सांगतो. त्या उत्तरपत्रिकेत आत कुठेही स्वतःचं नाव लिहायचं नाही, सही करायची नाही, ओळख पटेल अशी खूण करायची नाही. नाहीतर पेपर बाद होऊ शकतो. पत्र लिहायचा प्रश्न आला तर खाली आपलं नाव नाही, एक्स वाय झेड लिहायचं. धीरजने रोज सराव केला. एकदा चुकून "धी" लिहिलं गेलं होतं तर त्याला दोन रात्री झोप नव्हती. सहा परीक्षांसाठी इतकी वर्षं हेच घोटल्यावर, चहाचा घोट घेत घाईत टाइप करताना बोटांनी जे सवयीचं होतं तेच लिहिलं. आणि लिहून झाल्यावर त्याच्या डोळ्यांना ते बरोबरच दिसलं.

लतिकाताईने कपाळावर हात मारून घेतला. मग ती पाच मिनिटं वाशिमच्या भाषेत जे बोलली ते मी लिहीत नाही. धीरज मान खाली घालून ऐकत राहिला, कारण तिचं प्रत्येक अक्षर खरं होतं. कराराला नाव नाही म्हणजे तो कुणाचाच नाही. भल्ला सरळ म्हणतील, हा कागद धीरजचा नाहीच.

"मग आता काय करायचं ताई? उद्या मॅडमनी बोलावलंय."

तिने करार पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाली, "जायचं. मी येते. तू फक्त तोंड बंद ठेव. विचारल्याशिवाय एक शब्द बोललास तर मी तिथूनच परत फिरेन."

दुसऱ्या दिवशी यलो लाइनने दोघं गुरुग्रामला गेले. धीरजने मुलाखतीचा निळा शर्ट घातला होता. हा शर्ट दोनदा अपयशी ठरलाय, हे त्याला वाटेत आठवलं. शाळेच्या दारात त्याने आपला नकाशा पहिल्यांदा लागलेला पाहिला. वरून काश्मीर व्यवस्थित, पूर्वेला अरुणाचल व्यवस्थित, सगळ्या नद्या जागेवर. आणि खाली, जिथे ग्रेट निकोबार असायला हवं होतं, तिथे भिंतीवर आग विझवायच्या नळाची लाल पेटी. धीरजला सगळं एका क्षणात कळलं. लतिकाताईलाही कळलं. तिने मोबाइलवर फोटो काढला.

खोलीत माथुर मॅडम होत्या, समोर भल्ला बसले होते. बोलणं सगळं हिंदीत झालं. भल्ला सुरुवातीपासून जोरात होते. आम्ही विश्वासाने काम दिलं, या लोकांना देशाचं काही पडलेलं नाही, वगैरे. धीरजचे कान तापले. त्याने लतिकाताईकडे पाहिलं, तिने नुसती भुवई उचलली आणि तो गप्प राहिला.

लतिकाताईने दोन्ही कागद मॅडमपुढे ठेवले. मॅडमनी चष्मा लावून नीट वाचले. त्यांना वाचायची सवय होती हे दिसत होतं. त्यांनी सहावं कलम दोनदा वाचलं, प्रिंट हातात घेऊन सहीवर बोट ठेवलं. "मिस्टर भल्ला, ही सही तुमची?"

भल्लांनी प्रिंट पाहिला, करार पाहिला. घाम फुटलेला दिसला. मग त्यांची नजर पहिल्या ओळीवर गेली आणि माणूस एकदम सावरून बसला.

"मॅडम, हा तर कुणा एक्स वाय झेडचा कागद आहे. यात यांचं नाव कुठे आहे? यांची सहीसुद्धा नाही. असल्या कागदाचा यांच्याशी काय संबंध?"

धीरजला सकाळपासून हीच भीती होती.

लतिकाताई मात्र अगदी शांत होती. कोर्टात समोरच्याने हवं तेच वाक्य बोलल्यावर ती अशी शांत होते म्हणे. "भल्लाजी, म्हणजे हा करार तुम्ही धीरजशी केला नाही, असं तुमचं म्हणणं?"

"नावच नाही तर कसा केला?"

"अच्छा. शाळेचा नकाशा करायला तुम्ही एकच करार केला. सही तुमची, शिक्का तुमचा. ज्याने नकाशा केला तो एक्स वाय झेड. आता तुम्ही म्हणता, धीरज म्हणजे तो एक्स वाय झेड नाही. मग धीरजने नकाशा केलाच नाही, आणि शाळेला त्याचं नाव लिहून कळवलंत ते खोटं. आणि जर तोच एक्स वाय झेड असेल, तर सहावं कलम त्याला लागू. त्याने दिलेल्या नकाशात निकोबार आहे, शेजारी तुमची सही आहे, आणि नंतर कापलं ते तुमच्या जबाबदारीवर. दोन्हींपैकी तुम्हाला कुठलं हवं ते सांगा. मॅडम ते लिहून घेतील."

भल्लांनी करार पुन्हा पुढे ओढला. लतिकाताईने लाल पेटीचा फोटो मॅडमपुढे सरकवला. मॅडम फोटो बघून म्हणाल्या, "ही पेटी झाकता येणार नाही, असं आम्हीच तुमच्या माणसांना सांगितलं होतं."

मग भल्लांनी आपल्या ऑफिसात फोन लावला. बोलणं छोटं झालं. पेटी आड येत होती म्हणून त्यांच्या डिझायनरने खालची पट्टी कापली होती. कन्याकुमारीच्या खाली तसंही काही नसतं, असं त्याला वाटलं होतं. फोन ठेवून भल्ला हळू आवाजात म्हणाले, "सॉरी मॅडम. गलती हमारी है."

"मला नाही, यांना म्हणा," मॅडम म्हणाल्या. "आणि इथेच लिहून द्या. सगळ्या शाळांकडे तेच पत्र जाईल."

पत्र लिहून होईपर्यंत धीरज खुर्चीवर तसाच बसून होता. शिपायाने आणलेलं पाणी तो एका दमात प्यायला, मग लतिकाताईच्या पुढ्यातलंही प्यायला. जीव भांड्यात पडतो म्हणतात ते त्याला त्या दिवशी कळलं. छातीवरून कुणीतरी गच्च बसलेलं उठून गेल्यासारखं वाटत होतं आणि डोळ्यांत पाणी येत होतं. त्याने ते पुसलं नाही. प्रकाशकाला पत्राचा फोटो पाठवला तर दोन मिनिटांत उत्तर आलं, "काम सुरू करा धीरजजी." तो फोनकडे बघून एकटाच हसला.

भल्ला गेल्यावर माथुर मॅडमनी त्याला थांबवलं. भिंतीवरचा नकाशा पुन्हा करायचा होता, थोडा लहान, म्हणजे पेटीच्या वर सगळा देश मावेल असा. या वेळी मध्ये कुणी नको, शाळा थेट काम देईल. "पण कागद आधी," त्या म्हणाल्या आणि त्यांच्याच संगणकावर त्याला बसवलं. लतिकाताई मागे उभी राहिली. धीरजने सुरुवात केली. शाळेचं नाव लिहिलं, पुढे "अँड" लिहिलं आणि त्याची बोटं थांबली. त्याने तीन शब्द टाइप केले, धीरज तात्याराव कोरके, आणि ते पडद्यावर बघून त्याला उगाचच अवघडल्यासारखं झालं. परवानगीशिवाय कुठेतरी शिरल्यासारखं. प्रिंट निघाल्यावर खाली सही करायला त्याने पेन दोनदा उघडलं, मिटलं. पण केली, पूर्ण नावाने, मोठ्या अक्षरांत.

"एवढी मोठी सही?" लतिकाताई म्हणाली. "बँकेत जुळणार नाही, चेक परत येईल तुझा."

परतीच्या मेट्रोत त्याने कराराचा फोटो तात्यांना पाठवला. का पाठवला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाचच मिनिटांत फोन आला.

"अरे, हे काय पाठवलंस? सगळं इंग्रजी आहे. सरकारी आहे का?"

"नाही तात्या. शाळेचं आहे. मी नकाशे काढतो ना, त्याचा करार."

दरवर्षी निकाल लागला की तात्या डेपोतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन करायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. इंग्रजी कागद म्हटला की त्यांना दुसरा प्रश्न माहीतच नव्हता. त्यांनी तोच विचारला.

"यात तुझं नाव आहे का?"

"आहे तात्या," धीरज म्हणाला. "पहिल्याच ओळीत. तुमचंही आहे."

"थांब," तात्याराव म्हणाले. "फोन ठेवू नको. चष्मा घेऊन येतो."